घरात वस्तू वाढल्या, नोकरी मात्र टिकत नाही: दोन्ही एकाच हिशोबातलं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे वडील एकाच कारखान्यात ३१ वर्षं होते. मी आठ वर्षांत चौथ्या नोकरीत आहे आणि तीही कंत्राटी. पण माझ्या वयाचे असताना वडिलांच्या घरात जेवढ्या वस्तू होत्या, त्याच्या कितीतरी पट आज माझ्याकडे आहेत. मग मी त्यांच्यापेक्षा सुखात आहे की अडचणीत? याला जागतिकीकरण जबाबदार म्हणायचं का? आणि मी खरेदी कमी केली तर कुणाला काही फरक पडतो का?"

मी २४ वर्षं तयार कपड्यांच्या निर्यातीत आहे. सुरुवातीला मर्चंडायझर होते, म्हणजे परदेशातला बायर आणि इथली शिलाईची लाइन यांच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडची बोलणी खाणारी व्यक्ती. गेली काही वर्षं बायरच्या बाजूने कारखाने निवडायचं आणि तपासायचं काम करते. त्यामुळे माझं उत्तर कपड्यांच्या अंगाने जाईल. मी अर्थतज्ज्ञ नाही, पण मालाचं कॉस्टिंग, म्हणजे एका नगाला कशावर किती खर्च येतो त्याचा तक्ता, रोज डोळ्यांखालून जातो आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याच कागदावर सापडतं.

तुम्ही दोन गोष्टी मांडल्यात: वस्तू वाढल्या आणि नोकरी अस्थिर झाली. बहुतेक जण यांची वेगवेगळी खाती मांडतात, एक नफ्याचं आणि एक तोट्याचं. माझ्या अनुभवात ती एकाच ऑर्डरची पुढची आणि मागची बाजू आहे. "काम कुठल्या देशात गेलं" हा प्रश्न सगळे विचारतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: अंदाज चुकला तर भुर्दंड कोणी भरायचा? गेल्या ५० वर्षांत सगळ्यात जास्त बदललंय ते या प्रश्नाचं उत्तर.

आधी एक कबुली देते. तुमचं काम जहाजातून किंवा वायरीतून दुसरीकडे पाठवता येतं का, काम गेल्यावर सावरून घेणारी काही व्यवस्था तुमच्याकडे आहे का, आणि या लांबलचक साखळीत तुम्ही कुठल्या कडीवर उभे आहात, यावर उत्तर पार पालटतं. शिवाय यंत्रं, संगणक आणि कामगार कायद्यांमधले बदलही याच काळातले. तुमची नोकरी कंत्राटी होण्यात यातल्या कशाचा वाटा किती, हे तुमचा उद्योग माहीत नसताना सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. तेव्हा मी यंत्रणा कशी चालते तेवढं सांगते, त्यात स्वतःची जागा तुम्ही शोधा.

सुरुवात एका लोखंडी पेटीपासून करावी लागते. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' नावाचं जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यावर ५८ कंटेनर होते. तोपर्यंत सुटा माल हमालांकडून जहाजावर चढवायला टनामागे ५.८६ डॉलर लागायचे. त्या फेरीचा हिशोब टनामागे १६ सेंटच्या आत बसला. पुढच्या दशकात पेट्यांची मापं जगभर एकसारखी ठरली आणि मालाची वाहतूक हा अंतिम किमतीतला इतका छोटा आकडा झाला, की आमच्या कॉस्टिंगमध्ये कधीकधी जहाजाचं भाडं बटणांच्या खर्चाच्या आसपास येतं. यात पहिला बळी कोणाचा गेला असेल, तर गोदी कामगारांचा. रोज सकाळी बंदरावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे घरी, अशी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत होती. युनियननं झगडून ती कुठे नियमित करून घेतली, तर तोवर पेटीनं कामच नेलं. तेच 'बोट दाखवलं तर काम' आता मोबाइलच्या ॲपमधून परत आलंय, पण त्याकडे नंतर येते.

वाहतूक स्वस्त झाल्याने व्यापाराचा फक्त आकार बदलला नाही, त्याचा प्रकार बदलला. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: इंग्लंडने कापड करावं, पोर्तुगालने वाइन, आणि अदलाबदल करावी, दोघांचाही फायदा. त्यात देशांच्या सीमा ओलांडायचा तो तयार माल. शिवाय भांडवल सहसा आपला देश सोडून जात नाही, असं गृहीत धरलेलं. आज माझ्या हातातल्या एका जॅकेटचं कापड एका देशातलं, झिप दुसऱ्या, अस्तर तिसऱ्या, शिलाई चौथ्या आणि डिझाइन पाचव्या देशातलं असतं. भांडवल तर सगळ्यांत चपळ. १९७० च्या सुमाराला जगाची आयात आणि निर्यात मिळून जागतिक उत्पन्नाच्या साधारण पाव भागाएवढी होती. २००८ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या घरात गेली आणि तेव्हापासून तिथेच रेंगाळते आहे. त्यात मोठा भाग अर्धवट तयार मालाच्या ये-जा करण्याचा आहे.

आणि रिकार्डोच्या हिशोबातली दुसरी अडचण म्हणजे माणूस. कागदावर विणकर उद्या द्राक्षमळ्यात कामाला लागतो. प्रत्यक्षात तो ४७ वर्षांचा असतो, घराचं कर्ज असतं आणि आई आजारी असते.

मी कामाला लागले तेव्हा आमच्या धंद्यात 'कोटा' हा परवलीचा शब्द होता. १९७४ पासून बहुधागा करार नावाची व्यवस्था होती. कुठल्या देशाने श्रीमंत देशांना कुठल्या प्रकारचे किती कपडे विकायचे, याला मर्यादा. एका देशाचा कोटा भरला की बायर पुढच्या देशात जायचा. गंमत म्हणजे गरीब देशांना रोखण्यासाठी केलेल्या याच व्यवस्थेने कपड्यांचे कारखाने अशा देशांत पोचवले, जिथे एरवी ते गेलेच नसते. बांगलादेशचं उदाहरण आमच्याकडे नेहमी देतात. १९७९ मध्ये देश गारमेंट्स या कंपनीने १३० माणसं दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीकडे शिकायला पाठवली. परत आल्यावर काही वर्षांतच त्यातली बहुतेक जण बाहेर पडली आणि स्वतःचे कारखाने काढू लागली किंवा दुसऱ्यांचे उभे करू लागली. एवढ्या हातांतून पुढे लाखो लोकांना, त्यातही बायकांना, रोजगार देणारा उद्योग उभा राहिला.

१ जानेवारी २००५ ला कोटा संपला. चीन ११ डिसेंबर २००१ ला जागतिक व्यापार संघटनेत आलेलाच होता. आता बायरला देशोदेशी फिरायची सक्ती उरली नाही. मला आठवतं, आमच्या एका बायरने वर्षभरात पुरवठादारांची यादी निम्म्यावर आणली. यादीत राहिलेल्या कारखान्यांना मोठ्या ऑर्डर मिळाल्या, पण एकेक पैशासाठी दरात घासाघीस सुरू झाली, कारण 'तुम्ही नाही तर दुसरा' हे वाक्य आता खरं होतं.

आता लाइनवर या. फॉर्मल शर्ट शिवायला एकूण २० मिनिटांच्या आसपास वेळ धरतात, साधा टी-शर्ट दहाच्या आत बसतो. ही मिनिटं ४०-५० छोट्या कामांत तोडलेली असतात: कॉलरला टीप, कफ उलटवणं, खिसा बसवणं, काज, बटण. प्रत्येक कामाचे सेकंद ठरलेले, आणि सगळा भाव या मिनिटांवर निघतो. आमच्याकडे एक ताई होत्या, ११ वर्षं फक्त कॉलर जोडायच्या. हात असा चालायचा की मशीनकडे न बघता गप्पा मारत कॉलरचं टोक काट्यासारखं बरोबर आणायच्या. ते युनिट बंद झालं. एका टेलरकडे त्यांना काम मिळत होतं, त्याने कापलेला शर्ट पुढ्यात टाकला आणि पूर्ण शिवायला सांगितलं. त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाही कुठून सुरू करतात तेच मला माहीत नाही." लाखो कॉलर त्यांच्या हातून गेल्या असतील. पण त्यांचं कौशल्य त्या लाइनच्या बाहेर चालणारं नाणं नव्हतं.

"काम परदेशात गेलं" या वाक्यात ही गोष्ट सुटून जाते. काम जाण्याआधी त्याचे तुकडे होतात. तुकडा झालेलं काम शिकवायला सोपं, मोजायला सोपं, म्हणून हलवायलाही सोपं. आणि ते करणाऱ्याला बदलणंही सोपं. तुमच्या वडिलांच्या कारखान्यात बहुधा एकाच छपराखाली बरंच काही होत असणार. एका विभागात काम नसेल तर माणूस दुसऱ्या विभागात जायचा. आज तो दुसरा विभाग ही वेगळी कंपनी असते, कदाचित दुसऱ्या खंडावर.

भुर्दंडाचा मुद्दा एका शुक्रवारवरून सांगते. संध्याकाळी बायरचा मेल आला: बटणाचा रंग बदलायचाय, नवीन नमुना पाठवा. नमुना मंजूर व्हायला तिकडे नऊ दिवस लागले. माल कारखान्यातून निघायची तारीख मात्र तीच. मधले नऊ दिवस कापड कापून पडलेलं, लाइन रिकामी. रोजंदारीवरच्या ६० जणांना सुपरवायझरने सांगितलं, "काम आलं की फोन करतो." मंजुरी आली आणि त्याच ६० जणांना रात्री अकरापर्यंत आणि ओळीने दोन रविवार बसवलं. तरीही थोडा माल चुकला आणि तो विमानाने पाठवावा लागला, कारखान्याच्या खर्चाने. महिन्याअखेर हिशोब केला तेव्हा बायरचं काहीच गेलं नव्हतं, मालकाचा नफा जवळजवळ साफ झाला होता, आणि त्या ६० जणांच्या नऊ रिकाम्या दिवसांना कुठल्याही कागदावर रकानाच नव्हता. त्या नमुन्यावर पाठपुरावा करायची जबाबदारी माझी होती. मी रोज एक मेल टाकत होते आणि त्यालाच काम केलं समजत होते.

त्याच आठवड्यात मी स्वतःसाठी चपला ऑनलाइन मागवल्या होत्या. त्या एक दिवस उशिरा येणार असा निरोप आल्यावर मी तक्रार नोंदवली. दिवसभर बायरकडे दोन दिवस वाढवून मागत होते, आणि रात्री कुणा अनोळखी माणसाला एक दिवस द्यायची माझी तयारी नव्हती.

पूर्वी दुकानदार आणि कंपन्या सहा-सहा महिन्यांचा माल आधी बनवून गोदामात ठेवायच्या. अंदाज चुकला तर माल अंगावर पडायचा, तोटा कंपनीचा. आता माल कमीत कमी ठेवायचा, विक्रीचे आकडे रोज बघायचे आणि चालतंय तेच पटकन बनवून घ्यायचं. पद्धत हुशारीची आहे, वाया जाणारा माल तिने कमी होऊ शकतो. पण अनिश्चितता कुठे नाहीशी होत नाही. गोदामातून निघाली आणि हजेरीपटावर येऊन बसली. गोदामात जास्तीचा माल नको, तशी हजेरीपटावर जास्तीची माणसं नकोत. तुमची कंत्राटी नोकरी बहुधा याच तर्कातून आलेली आहे, मग तुमच्या कंपनीचा निर्यातीशी संबंध असो वा नसो. ही सवय एका धंद्यातून दुसऱ्यात पसरली.

मार्च २०२० मध्ये हे उघड्यावर आलं. दुकानं बंद झाल्यावर मोठमोठ्या बायरनी तयार झालेल्या मालाच्याही ऑर्डर रद्द केल्या. एकट्या बांगलादेशात ३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर रद्द झाल्या किंवा अडकल्या. कापडाचे पैसे कारखान्याने आधीच भरलेले होते, बायरचे मात्र माल निघाल्यावर येतात. करार असेच लिहिलेले असतात.

पडद्यावरच्या कामातही तेच. हिशोब, कोड, भाषांतर, ग्राहकाचा फोन, फोटोंवर खुणा करणं, सगळं तुकड्यांत जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार काम वाटणारे डिजिटल मंच २०१० ते २०२० या काळात सुमारे पाचपट झाले. तिथे काम शोधण्याचा, वाट बघण्याचा, नाकारलेलं काम पुन्हा करण्याचा वेळ करणाऱ्याच्या खात्यावर. गोदीवरच्या सकाळच्या रांगेत आणि यात फरक एवढाच, की रांगेतल्या लोकांना एकमेकांचे चेहरे दिसायचे.

आता वस्तूंकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग तो आहे: मी सुखात की अडचणीत? याचा उलगडा मला एका साध्या वाटणीने होतो. प्रवास करू शकणाऱ्या गोष्टी स्वस्त झाल्या: कपडे, फोन, टीव्ही, खेळणी, फर्निचर. प्रवास करू न शकणाऱ्या गोष्टी उत्पन्नाच्या मानाने महाग झाल्या किंवा होत्या तशाच राहिल्या: घर, दवाखाना, शिक्षण, लहान मुलांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा सांभाळ. विल्यम बाउमोल या अर्थशास्त्रज्ञाने विल्यम बोवेन यांच्याबरोबर १९६६ मध्ये यातलं एक कारण मांडलं. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि अर्धा तास लागत होता, आजही तेवढंच लागतं. बाकी सगळीकडे तासाचं उत्पादन वाढून पगार वाढले की वादकाचाही पगार वाढवावा लागतो, त्याचं वादन मात्र जलद होत नाही. नर्स, शिक्षिका, सांभाळणारी बाई, सगळ्यांचं असंच. घरांचं कारण वेगळं, तिथे जमिनीचा प्रश्न आहे, पण परिणाम एकाच दिशेचा.

म्हणून तुमचं घर वस्तूंनी भरलेलं आहे आणि तरी पाय जमिनीवर टेकलेले वाटत नाहीत. वडिलांना टीव्ही घेणं जड जायचं, पण पुढच्या दहा वर्षांचा पगार ठाऊक होता, त्यामुळे घराचा विचार करता यायचा. तुम्ही टीव्ही सहज घेता आणि घराच्या कर्जाच्या अर्जात 'नोकरीचा प्रकार' या रकान्यापाशी अडता. हे सुखवस्तू असणं आणि सुरक्षित असणं यांतलं अंतर आहे. पूर्वी दोन्ही सहसा जोडीने यायचं.

दुरुस्तीचंही असंच. नवी वस्तू दूरवरच्या मजुरीत बनते, दुरुस्ती तुमच्या जवळच्या मजुरीत होते. त्यामुळे मजुरी जिथे जास्त, तिथे दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेणं परवडतं, आणि दुरुस्ती करणारा कारागीर हळूहळू दिसेनासा होतो. २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. कपड्यांचे ढीग तर चिलीच्या अटाकामा वाळवंटात जाऊन पडले आहेत, काहींवर किमतीची चिठ्ठीही तशीच. मी त्यांचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा आधी शिलाई कुठल्या प्रकारची आहे तेच बघत होते. सवय. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर 'दुरुस्त करायला किती सोपी' याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. छोटी गोष्ट, पण मला पटलेली, कारण ती माहिती निर्णयाच्या जागी, किमतीच्या शेजारी, ठेवते.

जिंकलं कोण, हरलं कोण, हे एका वाक्यात सांगता येत नाही. अतिगरिबीत राहणाऱ्यांचं जगातलं प्रमाण, जागतिक बँकेच्या मोजणीने, १९९० मधल्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत १० टक्क्यांवर आलं. त्यात चीनचा वाटा मोठा आहे आणि कारखान्यांचा त्यात हात आहेच. माझ्या लाइनवरच्या कितीतरी जणींच्या नावावरचं पहिलं बँक खातं कारखान्याने उघडून दिलेलं होतं. घरात वाद झाला तर 'माझा पगार' हे दोन शब्द त्यांना कामी यायचे. ज्यांनी ते पाहिलेलं नाही, त्यांनी 'शोषण' या एका शब्दात सगळं गुंडाळू नये. दुसऱ्या बाजूला ब्रँको मिलानोविच आणि क्रिस्टोफ लॅक्नर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ ते २००८ या काळातली जगभरची उत्पन्नं एका आलेखावर मांडली. आशियातला मध्यमवर्ग भरपूर पुढे गेला, जगातले वरचे एक टक्का तर फारच, आणि श्रीमंत देशांतला खालचा-मधला कामगार जवळजवळ जागच्या जागी राहिला. अमेरिकेत चिनी आयातीच्या लाटेने १९९९ ते २०११ या काळात २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. देशाच्या आकाराला तो आकडा फार मोठा नाही, पण त्या नोकऱ्या ठरावीक गावांत एकवटलेल्या होत्या आणि ती गावं वर्षानुवर्षं सावरली नाहीत.

साखळीच्या मधे जुळणी करणारा माणूस किती कमावतो, हाही विचार करण्यासारखा भाग. २००९ च्या आयफोनचा कारखान्यातला खर्च सुमारे १७९ डॉलर होता, असा हिशोब दोन अभ्यासकांनी मांडला होता. त्यात जुळणीची मजुरी साडेसहा डॉलर. बाकी खर्च सुट्या भागांचा आणि त्यांचे हक्क असलेल्यांचा, आणि वरचा नफा कंपनीचा. एसर या संगणक कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ मध्ये याची हसऱ्या ओठांसारखी रेघ काढून दाखवली होती: दोन्ही टोकांना, म्हणजे कल्पना-डिझाइनच्या आणि ब्रँड-विक्रीच्या बाजूला, कमाई जास्त, मधल्या जुळणीत सगळ्यात कमी. कपड्यांतही रेघ तीच, हसू जरा जास्तच रुंद.

इथपर्यंतचा हिशोब: वाहतूक स्वस्त झाली, कामाचे तुकडे झाले, तुकडे फिरू लागले, आणि अंदाज चुकल्याचा भुर्दंड ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद सगळ्यात कमी त्याच्यावर येऊन बसला. जबाबदार जागतिकीकरण का, याला माझं उत्तर 'निम्मं'. तुकडे होणं त्याच्यामुळे. भुर्दंड खाली ढकलला जाणं हे करारांमुळे आणि कायद्यांमुळे, आणि ते माणसांनी लिहिलेले असतात. त्याच जगाशी व्यापार करणाऱ्या डेन्मार्कमध्ये कामावरून काढणं तुलनेने सोपं आहे, पण नोकरी गेल्यावर भत्ता आणि नव्या कामाचं प्रशिक्षणही मिळतं. अमेरिकेने व्यापारामुळे काम गेलेल्यांसाठी १९६२ मध्ये मदत योजना आणली होती. जुलै २०२२ पासून तिची मुदत संपली आणि नवे अर्ज घेणं थांबलं. बाजार एकच, खाली पडणाऱ्याला झेलणारी जाळी वेगवेगळी.

आता खरेदी कमी करण्याबद्दल. इथे माझं मत थोडं रोखठोक आहे. एकट्याने एखाद्या देशाच्या मालावर बहिष्कार घातला तर काही होत नाही, आणि सगळ्यांनी मिळून घाईने घातला तर पहिला फटका सगळ्यात खालच्याला बसतो. १९९० च्या दशकात बालमजुरांनी बनवलेल्या मालावर बंदी घालण्याचं विधेयक अमेरिकेत आलं. ते मंजूरही झालं नव्हतं, तेवढ्यात बांगलादेशातल्या कारखान्यांनी सुमारे ५०,००० मुलांना काढून टाकलं. शाळेत जाण्याऐवजी त्यातली बरीच खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामात गेली, असं युनिसेफने नोंदवलं. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा करार झाला, मुलांसाठी शाळा आणि थोडा भत्ता ठेवला, तेव्हा कुठे गोष्ट वळणावर आली. हेतू चांगला असून चालत नाही, पुढचा दिवस कसा जाईल त्याचाही हिशोब हवा.

याउलट २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राना प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र परत बोलावलं, कारण माल निघायच्या तारखा उभ्या होत्या. त्यानंतर इमारती आणि आगीच्या सुरक्षेसाठी जो करार झाला, त्यात २०० हून अधिक ब्रँडनी सह्या केल्या आणि तो कायद्याने बांधील होता. कामगार संघटना त्यात बरोबरीच्या भागीदार होत्या. आमच्या तपासण्यांत तेव्हापासून खरा फरक पडला. आधी मी चेकलिस्ट घेऊन जायचे, अग्निशामक दिसला की खूण करायचे. नंतर इंजिनिअर खांबांची मापं घ्यायला लागले. हे ग्राहकांच्या नुसत्या न घेण्याने झालं नसतं. लोकांच्या संतापाला करारात उतरवणारं कुणीतरी लागलं.

म्हणून कमी घ्या असं सांगण्यापेक्षा मी घाई कमी करा असं सांगेन. वस्तू जास्त दिवस वापरा, दुसऱ्या दिवशी पोचवण्याचा हट्ट जिथे गरज नाही तिथे सोडा, परत पाठवायच्या हिशोबाने तीन-तीन मापं मागवू नका. साखळीला सगळ्यात जास्त ताण किमतीपेक्षा वेळेचा असतो. आणि एखादा ब्रँड आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करतो का तेवढं बघा. २००५ मध्ये नायकीने ती पहिल्यांदा छापली तेव्हा आमच्या धंद्यात भूकंप झाल्यासारखं बोलणं होतं. आता ते बऱ्यापैकी रुळलंय. यादी म्हणजे चांगुलपणाचा दाखला नव्हे, पण पत्ता असला की तिथे जाऊन विचारता येतं.

तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगते. सगळेच म्हणतात "कौशल्य वाढवा". त्या कॉलरवाल्या ताईंचं कौशल्य तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त होतं. त्यांच्याकडे कमी होतं ते आपल्या तुकड्याच्या मागचं आणि पुढचं. पुढे आम्ही दुसऱ्या युनिटमध्ये त्यांना सॅम्पलिंगच्या खोलीत घेतलं, जिथे एक माणूस अख्खा कपडा शिवतो. पहिले दोन महिने त्या रडकुंडीला आल्या होत्या. आज नव्या डिझाइनमध्ये शिलाई कुठे अडेल ते त्या कापड बघून सांगतात, आणि त्यांचं ते सांगणं मिनिटांत मोजता येत नाही म्हणून त्यांना रोजंदारीवर ठेवणं कुणाला सुचत नाही. प्रत्येकाला अशी खोली मिळत नाही, सॅम्पलिंगमध्ये खुर्च्या सहा असतात आणि लाइनवर सहाशे, हेही खरं. पण तुमच्याकडे काम कुठून येतं, तुमच्यानंतर कुणाकडे जातं आणि कुठे अडतं, हे शोधायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि सगळ्यात आधी तुमचं कंत्राट काढून वाचा. पगाराच्या आकड्यापलीकडे तीन गोष्टी बघा: काम नसलेल्या दिवसांचं काय लिहिलंय, नोटीस किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, आणि काम उशिरा सुरू झालं किंवा मधेच बदललं तर वाढीव वेळेचे पैसे कोण देतो. पहिल्या मुद्द्यावर बहुतेक कंत्राटांत काहीच लिहिलेलं नसतं. नूतनीकरणाच्या वेळी पगारवाढीऐवजी तेवढं एक वाक्य मागून बघा. दर आठवड्याला किमान इतक्या दिवसांचं काम किंवा तेवढा मोबदला, एवढंच. माझ्या अनुभवात व्यवस्थापन पगारवाढीपेक्षा याला लवकर तयार होतं, कारण त्यांच्या कॉस्टिंगमध्ये या ओळीसाठी रकाना नसल्याने तिची किंमत किती ते त्यांनी कधी काढलेलंच नसतं.